भोंगा झाला, उठा!

उठा, भोंगा झाला.

पहिलाच आहे, म्हणजे अजून थोडा वेळ आहे. पण मोरीपुढं रांग लागायच्या आत उठलेलं बरं. उठताना जपून. तुमच्या डोक्याशी एकाचे पाय आहेत आणि तुमचे पाय दुसऱ्याच्या पाठीला टेकलेत. दहा बाय दहाची खोली, आत नऊजण, बाहेर गॅलरीत आणखी चौघं. चार दिवस न वाळलेल्या धोतरांचा कुबट वास येतोय, रॉकेलच्या दिव्याची काजळी नाकात गेली आहे आणि श्रावण न पाळणाऱ्या कोणा शेजाऱ्याकडं सुकट भाजणं चाललंय. मोबाईल चाचपू नका, उशाखाली फक्त तंबाखूची चंची आहे. साल १९२७, ठिकाण लालबाग.

तुमची ओळख करून देतो. तुम्ही रत्नागिरीकडचे, वय बावीस. गावी राबता ती जमीन खोताची. त्याचं देणं दिल्यावर उरतं ते होळीपर्यंतही पुरत नाही. म्हणून मे महिन्यात शेवटच्या बोटीनं मुंबईला आलात. तिकिटाचे पैसे गावच्या सावकाराचे. कोणी दोरी बांधून आणलेलं नाही, स्वतःच्या पायांनी धक्क्यावर उतरलात. हे नीट ध्यानात ठेवा, कारण आज तुम्हाला हीच गोष्ट ऐकवली जाणार आहे.

चला, खाली उतरा. रस्ता माणसांनी भरलाय आणि सगळी एकाच दिशेनं निघालीत. जिकडं बघाल तिकडं गिरण्यांची धुराडी. पावसानं धूर वर जाऊ दिलेला नाही. तो खाली उतरून घशात बसतोय. डोक्यावर गोणपाट, कमरेला भाकरीचं फडकं, पायाखाली चिखल आणि ट्रामच्या रुळांमधलं पाणी. दुसरा भोंगा. आता सगळ्यांचा वेग वाढतो, तुमचाही. उशीर झालेल्याला गेट बंद, आणि गेट बंद झालं की मजुरी गेली.

पण तुम्ही थांबा. ज्यांच्या हातात हजेरीचं तिकीट आहे ते आत जातील. तुम्ही बदलीवाले. तुमची जागा इथं, गेटाच्या डाव्या अंगाला, भिंतीशी, त्या चाळीस माणसांत. आज कोणी आजारी पडलं असेल, कोणाच्या घरी मयत झालं असेल, कोणी गावाला गेलं असेल, तर त्याचे माग तुम्हाला मिळतील. म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीची वाट बघत उभं राहणं, हाच तुमचा रोजचा पहिला तास.

जॉबर आला, म्हणजे माणसं कामावर घेणारा मुकादम. टोपी स्वच्छ, छत्री मोठी, मिशी नीट कातरलेली. चाळीसही जण एकदम ताठ उभे राहतात आणि चेहरे हसरे करतात. तुम्हीही केलात, माझं लक्ष होतं. तो बोटानं दाखवत जातो, ‘तू. तू. तू नाही, तू मागचा.’ कोणाच्या मुठीतून त्याच्या मुठीत काही सरकतं. तुम्ही आगाऊ काही दिलेलं नाही, पण पगारातून दस्तुरी द्यायचं कबूल केलंय. त्याला तुमचं गाव माहीत आहे, तुमचा चुलता त्याच्या हाताखाली होता. बोट तुमच्यावर येतं. छातीत धडधडतं का? धडधडू द्या. आज सात जणांना काम मिळालं, तेहतीस परत फिरले, आणि त्या सातांत आपण आहोत याचा आनंद तुम्हाला झालाच. हा आनंद खरा आहे, त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त या आनंदाच्या भरात मजुरीचा आकडा विचारायचं राहून गेलं, हे लक्षात आलं का?

आत जाताना उजवीकडं बघा. तुमच्याच बोटीनं आलेला तुमच्या शेजारगावचा तो महार तरुण. दोघं पाच पावलं बरोबर चालता, मग तो वळतो आणि सूतकताईच्या खात्याकडं जातो. विणाईत मजुरी जास्त, हे त्यालाही ठाऊक आहे. पण तिकडं तो वळूनसुद्धा बघत नाही. का ते अर्ध्या तासात तुमच्या ओठांना कळेल.

विणाईखात्याचं दार उघडलं की ओल्या घोंगडीत तोंड खुपसल्यासारखं होतं. दोरा कोरडा पडला की तुटतो, म्हणून हवेत पाण्याचे फवारे सोडलेत आणि खिडक्या बंद ठेवल्यात. दोऱ्याला ओलावा मिळतो, तुम्हाला घाम. खळीचा आंबूस वास, तापलेल्या तेलाचा वास, आणि शेकडो मागांचा आवाज. हा आवाज कानांत मावत नाही. तो दातांत, बरगड्यांत, तळपायांत बसतो. ओरडू नका, उपयोग नाही. इथं माणसं ओठांच्या हालचालीवरून बोलतात. शेजारी भुवई उंचावून विचारतोय, ‘नवा का?’ मान हलवा.

तुमच्याकडं दोन माग. धोटा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. नजर काढली की दोरा तुटलेला असतो. कांडी संपली, माग थांबवा, धोटा हातात घ्या. लाकूड घामानं गुळगुळीत झालंय, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. नवी कांडी आत बसवा. धोट्याच्या कडेला एक बारीक भोक आहे, त्यातून दोरा बाहेर काढायचा. सुई नाही, आकडा नाही. ओठ लावा आणि श्वास जोरात आत ओढा. आणखी जोरात. आला. त्याबरोबर तोंडात कापसाचा तूस आला, तेल आलं, खळ आली आणि काल ज्यानं हा धोटा चालवला त्याची थुंकीही आली. दिवसभरात हे पुन्हा पुन्हा करायचं. कांडी संपायची थांबत नाही.

कळलं ना आता? ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले त्याला आपण ओठ लावणार नाही, असं सवर्ण विणकरांनी ठरवून टाकलंय, आणि गिरणीनं ते मुकाट्यानं मान्य केलंय. मजुरांना एरवी कशातच मत विचारलं जात नाही. जिथं त्यांचं मत चाललं ते असं चाललं. पुढच्याच वर्षीच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हा प्रश्न पुढं आणतील आणि अस्पृश्यांना विणाईखातं खुलं करा असा आग्रह धरतील. ते राहतात इथून जवळच, परळच्या पोयबावडीला, बी.आय.टी. चाळीत.

दुपारची सुट्टी. बाहेर पावसाच्या आडोशाला बसा. कानांत अजून माग चालू आहेत, म्हणून सगळेच गरजेपेक्षा मोठ्यानं बोलताहेत. भाकरी, चटणी, कांदा. बिडीचा धूर. शेजारी साठी उलटलेले एक बाबा बसलेत, त्यांच्याकडं भाकरीचा तुकडा सरकवा. ते सांगतील, त्यांच्या तरुणपणी रविवारची सुट्टी हा प्रकारच नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला मजुरांची सभा भरवली आणि साडेपाच हजार जणांच्या सह्या घेऊन अर्ज केला: आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार पंधरा तारखेच्या आत द्या. रविवार मिळायला १८९० साल उजाडलं. आज तुम्ही जो घास निवांत खाताय, तो असा कोणीतरी मागितल्यावर मिळालेला आहे.

त्याच पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला वाइंडिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यातल्या बायका बसल्यात. त्यांच्यावर जॉबर नसतो, नायकीण असते. दस्तुरी तिलाही लागते. त्यातली एक सारखी गेटाकडं बघतेय. तिचं तान्हं पोर चाळीत आहे. सकाळी त्याला अफूची गोळी चाटवून ती कामावर आली आहे, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत उठणार नाही. गिरणगावात हे सर्रास चालतं. तिला विचारलंत तर तीही म्हणेल की मी माझ्या मर्जीनं कामाला येते. मला हे वाक्य ऐकवत नाही.

भोंगा. आत चला.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला तुमच्या मागावरचं कापड तपासायला गेलं आणि परत आलं. वीतभर पट्ट्यात आडवे धागे विरळ पडलेत. तुमची चूक? थोडी असेल. मागाचा पट्टा सैल होता, हे तुम्ही सकाळीच खुणेनं सांगितलं होतं. पण ते कोणाला सांगणार? कारकून रजिस्टरात लिहितो आणि कापडाचा तो अख्खा तुकडा तुमच्या हातात ठेवतो. दंड झाला असं समजू नका, त्याहून वाईट झालंय. हे कापड आता तुमचं; त्याची किंमत पगारातून कापली जाईल. विकायचं असेल तर विका, नेसायचं असेल तर नेसा.

तुमच्या तोंडून निघून जातं, ‘साहेब, पट्टा सैल होता, एकदा बघा तरी.’

कारकून वर बघत नाही. ‘तुला बोलवायला कोण आलं होतं? आपल्या पायांनी आलास ना? जमत नसेल तर जा. गेटाबाहेर उभे आहेत.’

सकाळी म्हटलं होतं, तेच हे वाक्य. आता हात कापडाखाली तसेच धरून क्षणभर उभे राहा, कारण एवढ्यासाठीच मी तुम्हाला इथवर आणलंय. कारकून खोटं बोललेला नाही. तुम्ही खरोखरच आपल्या पायांनी आलात. खोताच्या बांधावर मान खाली घालून उभं राहण्यापेक्षा ही गिरणी तुम्हाला बरी वाटली, आणि उद्या पुन्हा निवड करायची वेळ आली तर तुम्ही पुन्हा मुंबईच निवडाल. इथं महिन्याकाठी रोख पैसा दिसतो. गावच्या चार जणांच्या नजरेतून सुटका होते. हे सगळं मान्य करूनच बोलायला हवं. मजुराला अगदीच बिचारा ठरवलं तर त्याच्या शहाणपणाचा अपमान होतो.

पण जा म्हणजे कुठं जा? पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद. खाणावळीचं दोन महिन्यांचं देणं अंगावर. कायम माणसानं महिन्याची नोटीस न देता गिरणी सोडली, तर गिरणीकडं अडकलेला त्याचा पगार बुडतो. आणि पगार नेहमीच अडकलेला असतो, कारण जुलैचे पैसे ऑगस्टच्या मध्यावर मिळतात. तुमच्यासारख्या बदलीवाल्याला तर नोटीस देण्याइतकीही नोकरी नाही. दुसऱ्या गिरणीत जाल, तर तिथंही एक जॉबर, तशीच छत्री, तसंच बोट. या गेटातून बाहेर पडायची मुभा आहे ती दुसऱ्या गेटापुढं उभं राहण्यापुरती. तुम्ही गिरणीला ‘हो’ म्हणालात ते खरं, पण ‘नाही’ म्हणायला लागणारे पैसे तुमच्याकडं कधी नव्हतेच. मग त्या ‘हो’ला संमती म्हणायचं का? मी म्हणत नाही.

भिंतीवर नियमांचा कागद लावलाय, बघा. कधी यायचं, कधी जायचं, कशाला दंड, कशाला हकालपट्टी. या खात्यात काम करणाऱ्या एकाही माणसाला विचारून त्यातली एकही ओळ लिहिलेली नाही.

संध्याकाळ. आज पगार आहे, म्हणून मुद्दाम आजचाच दिवस निवडला. खिडकीपुढची रांग पुढं सरकते, नाणी हातात पडतात, अंगठा उठवा. मोजा. कापडाचे गेले. गेटाबाहेर गर्दी आहे, पण सकाळच्यासारखी नाही. आता काठी घेतलेले पठाण उभे आहेत. व्याज वसूल केल्याशिवाय आपल्या ऋणकोला ते रस्ता ओलांडू देत नाहीत. तुमचं देणं पठाणाचं नाही, म्हणून सुटलात. वीस पावलांवर जॉबर भेटतो. तो हात पुढं करत नाही, फक्त तब्येतीची चौकशी करतो. तुम्ही देता.

जॉबरबद्दल एक सांगायला हवं. तो सैतान नाही. तुमच्या चुलत्याच्या आजारपणात त्यानंच पैसे दिले होते, खोलीही त्याच्याच ओळखीनं मिळाली. त्याची माणसं आली नाहीत तर त्याचीच नोकरी धोक्यात येते, म्हणून तोही तुम्हाला धरून असतो. पण तुमची नोकरी, तुमचं कर्ज आणि तुमची झोपायची जागा एकाच माणसाच्या मर्जीवर असेल, तर तो कितीही भला असला तरी त्याच्यापुढं तुम्ही खरं बोलणार नाही.

खाणावळीत चला. चुलीचा धूर, आमटीचा तिखट वास, पितळी ताटांचा आवाज. मावशी तुमच्या हातातलं कापड बघते आणि काही विचारत नाही; भात मात्र जरा जास्त वाढते. तिचे पैसे द्या. गावच्या मनीऑर्डरचे बाजूला काढा. उरले त्यावर महिना काढायचा.

दमलात, पण झोपायचं नाही. खरी बघायची गोष्ट आता आहे. गणपती जवळ आलाय आणि तुमच्या गावमंडळाची सभा भरलीय. चाळीच्या खालच्या मजल्यावर, कंदिलाभोवती पस्तीस-चाळीस माणसं दाटीवाटीनं बसलीत. घामाचा, तंबाखूचा, ओल्या मातीचा वास. खजिनदार वही उघडून मागच्या वर्षीचा हिशेब वाचतो. मूर्ती, मंडप, भजनाला आलेल्या बुवांचा चहा. मध्येच मागून कोणीतरी उठतो, ‘दिवाबत्तीला सव्वा रुपया जास्त कसा?’ गलका होतो. खजिनदार रागावतो, पण पावती काढून दाखवतो, दाखवावीच लागते. मग यंदा वर्गणी किती, यावर वाद. कोणी म्हणतो, बदलीवाल्यांकडून निम्मी घ्या. हात वर होतात. ठरतं. वहीत लिहिलं जातं.

तो सव्वा रुपया विचारणारा माणूस ओळखलात का? सकाळी तुमच्या शेजारच्या मागावर होता. भुवई उंचावून ‘नवा का?’ विचारणारा. गिरणीत त्याचे दर महिन्याला काही ना काही पैसे कापले जातात आणि त्यानं कधी चकार शब्द काढलेला नाही. तोच माणूस इथं सव्वा रुपयासाठी अर्धा तास उभा राहतो आणि खजिनदाराला घाम फोडतो. मजुरांना कारभारातलं कळत नाही, असं मालक म्हणत आले आहेत. त्यांनी श्रावणातल्या एका रात्री या कंदिलापाशी येऊन बसायला हवं होतं. हिशेब मागणं, बहुमतानं ठरवणं, हरलेल्यानं रुसून का होईना पण वर्गणी देणं, हे सगळं या माणसांना येत होतं. गेटाच्या आत त्याला जागा नव्हती, एवढंच.

आता डोळे मिटा, आठ महिने पुढं नेतो. १९२८चा एप्रिल. आधी वास घ्या. धुराचा वास नाही. धुराडी थंड पडलीत आणि भोंगा झाला तरी रस्त्यावरून कोणी धावत नाही. गिरण्यांचा संप सुरू झालाय, तो ऑक्टोबरपर्यंत चालेल. खाणावळीची मावशी उधारीवर जेवायला घालेल, कित्येक जण गावाकडची वाट धरतील, आणि मजुरांच्या सतरा मागण्या चौकशी समितीपुढं जातील. भिंतीवरच्या त्या नियमांच्या कागदावरही तिथं खल होईल. संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियननं मग गिरण्यागिरण्यांत मजुरांच्या समित्या काढल्या. जॉबरला ओलांडून तक्रार थेट मॅनेजरपुढं नेण्याचं धाडस त्या करू लागल्या. सव्वा रुपयाचा हिशेब विचारणारा माणूस आता खात्यातही विचारत होता. फार दिवस नाही. १९२९च्या मार्चमध्ये पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्याच वर्षी दुसरा संप फसला, आणि समित्या मोडल्या.

बास, परत या. कानांत थोडा वेळ घणघण राहील.

कारकुनाच्या त्या वाक्याचं उत्तर पुढं कागदावर आलं. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केलं. सरकारनं उद्योगात हात घालू नये म्हणजे लोक मोकळे राहतात, हे म्हणणं त्यांनी त्यात खोडून काढलं: अशा मोकळीकीत मालकाची हुकूमशाही चालते, आणि बेकार माणसापुढं नोकरी ठेवली तर तिच्यासाठी तो आपले हक्क सोडून देतो. परळच्या चाळीत वीसेक वर्षं काढलेल्या माणसानं लिहिलेलं आहे ते. गेटावरचे तसे चेहरे त्यांनी पाहिलेले असणार.

तुमच्या कचेरीत फवारे नसतील, एसी असेल. हातात धोट्याऐवजी लॅपटॉप असेल, आणि नेमणुकीच्या पत्रावर तुम्ही स्वतः सही केलेली असेल. ते पत्र एकदा पुन्हा काढून वाचा. त्यातली कोणती अट तुम्ही बदलून मागितली होती आणि मागितली नसेल तर का, हे स्वतःला विचारा. मग तुमच्या इमारतीतला रखवालदार, सफाई करणारी बाई, दारात पार्सल आणून देणारा मुलगा यांनाही विचारा. सोसायटीच्या वार्षिक सभेत तुम्ही रंगकामाच्या बिलावर भांडता, तसं कामाच्या जागी शेवटचं कधी बोलला होतात, तेही आठवून बघा.

तुम्हाला बोलता यावं, अशी सोय आपल्या संविधानात लिहिलेली आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं त्यात अनुच्छेद ४३क आला. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळावा यासाठी सरकारनं पावलं उचलावीत, असं तो सांगतो. तो मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात आहे, म्हणून त्याच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात जाता येत नाही.